उरलेली एक पणती

मागच्या दिवाळीत सोसायटीच्या अंगणात लावायला शंभर पणत्या आणल्या. खोकं उघडलं तर तीन फुटलेल्या निघाल्या, राहिल्या ९७. वसुबारसेच्या संध्याकाळी त्या सरळ ओळींत, नीट आयतात मांडायच्या होत्या, कारण गच्चीवरून फोटो काढायचा बेत होता. काम माझ्या आठवीतल्या पुतणीकडे आलं. तिनं आठ-आठच्या ओळी लावल्या. बारा ओळी भरल्या आणि एक पणती हातात राहिली. सगळं मोडून सहा-सहाच्या लावल्या. सोळा ओळी, आणि पुन्हा एक हातात. मग चार-चारच्या. चोवीस ओळी झाल्या, एक उरलीच. एव्हाना हात मातीनं लाल आणि चेहरा वैतागानं.

"काका, माझं मोजायला चुकतंय का?"

चुकत नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ती एक तुळशीपाशी ठेव आणि मोकळी हो." तसंच केलं. आठ-आठच्या बारा ओळी, एक पणती तुळशीपाशी, आणि फोटो झकास आला.

माझ्या डोक्यातून मात्र ती एक पणती जाईना. शाळेत आपण पट, विभाजक, मूळ संख्या, वर्गसंख्या, विभाज्यतेच्या कसोट्या हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत शिकतो आणि परीक्षा झाली की वेगवेगळं विसरतो. खरं तर तो सगळा एकच खटाटोप आहे. वस्तू ओळींत मांडायच्या आणि शेवटी हातात काय उरतं ते बघायचं.

९६ पणत्या असत्या तर त्या दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा अशा कितीच्याही ओळींत बसल्या असत्या. म्हणजे ९६ ही संख्या या सगळ्यांच्या पाढ्यात येते, ती या सगळ्यांची पट आहे. आणि उलट बाजूनं हे सगळे ९६ चे विभाजक आहेत. ९७ म्हणजे ९६ आणि वर एक. म्हणून पुतणीनं यांतली कुठलीही ओळ धरली तरी शेवटी एकच पणती उरायची. पाच-पाचच्या लावल्या असत्या तर दोन उरल्या असत्या, सात-सातच्या लावल्या असत्या तर सहा. पण काहीतरी उरलंच असतं. ९७ पणत्या फक्त एकाच लांबलचक रांगेत उभ्या राहतात, आयत काही होत नाही. अशा हटवादी संख्येला मूळ संख्या म्हणतात. जिचे आयत होतात ती संयुक्त.

आणि १? त्याला मूळ म्हणत नाहीत, संयुक्तही म्हणत नाहीत. यावर मुलं दरवर्षी वाद घालतात आणि मला त्यांचा वाद रास्त वाटतो. एकटी पणती मांडली तर तिचाही आयत होत नाही, मग तिला का वगळायचं? कारण सोयीचं आहे, आणि सोय मोठी आहे. प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे फोडता येते. १२ म्हणजे २ × २ × ३, दुसरी तऱ्हा नाही. १ ला मूळ मानलं की १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा हव्या तितक्या तऱ्हा होतील आणि "एकाच प्रकारे" हे म्हणणंच बाद होईल. म्हणून त्याला पंगतीबाहेर बसवलं आहे.

आता खरा प्रश्न. ९७ मूळ आहे हे कळायला पुतणीनं किती वेळा मांडामांड करायला हवी होती? २ पासून ९६ पर्यंत सगळ्या ओळी लावून बघायच्या? आयताला दोन बाजू असतात. आठ-आठच्या बारा ओळी म्हणजेच, मान वळवून पाहिलं तर, बारा-बाराच्या आठ. विभाजक असे जोडीनं येतात. त्या जोडीतला धाकटा फार मोठा असू शकत नाही. दोन्ही बाजू १० किंवा त्याहून जास्त असतील तर पणत्या किमान शंभर लागतील, आपल्याकडे ९७ च आहेत. म्हणजे धाकटी बाजू ९ च्या आत असणार. त्यातही ४, ६, ८ बघायची गरज नाही. दोन-दोनच्या ओळींतच जे बसत नाही ते चार-चारच्या ओळींत कुठून बसणार? ९ चं काम ३ नं केलेलं असतं. उरले २, ३, ५, ७. चार भागाकार आणि काम फत्ते.

हे फार कामाचं आहे. समोरच्या संख्येच्या पुढचा जवळचा वर्ग शोधायचा, त्याच्या वर्गमुळाच्या आतल्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा, आणि थांबायचं. ३९१ मूळ आहे का? २० चा वर्ग ४००, म्हणून २० च्या आतल्या आठ मूळ संख्या पुरतात. १७ शी येईपर्यंत दम निघतो, पण १७ तेवीसचे ३९१ निघतात.

दोन अंकी संख्यांत सगळ्यांना चकवणारी संख्या म्हणजे ९१. सम नाही, शेवटी ५ नाही, ३ नं जात नाही. मोठी माणसंही छातीठोकपणे "मूळ" म्हणून सांगतात. लहानपणी घोकून पाठ केलेले पाढे इथे उपयोगी पडतात. तेरा साते एक्क्याण्णव! पाढे पाठ नसतील तर दुसरी वाट आहे. ९१ म्हणजे १०० वजा ९, म्हणजे दहाचा वर्ग वजा तिनाचा वर्ग. दोन वर्गांच्या वजाबाकीचे नेहमी दोन तुकडे पडतात: वजाबाकी गुणिले बेरीज. (१० − ३) × (१० + ३), म्हणजे ७ × १३. ३९१ ही याच जातीतली, ४०० वजा ९. ही युक्ती लक्षात असू द्या, पुढे ती एका कुलपापाशी पुन्हा भेटणार आहे.

मूळ संख्यांची अख्खी यादी हवी असेल तर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातली, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एराटोस्थेनिसची चाळणी आहे. पृथ्वीचा घेर सावल्यांवरून काढणारा तो हाच. १ ते १०० आकडे दहा-दहाच्या ओळींत लिहायचे, १ सोडून द्यायचा. २ ठेवून त्याच्या पाढ्यातले बाकी सगळे खोडायचे, मग ३ चे, मग ५ चे, मग ७ चे. जे खोडले जात नाहीत ते मूळ. शंभरात असे २५ मिळतात.

ही चाळणी एकदा पेन्सिल घेऊन खरंच करून बघा, कारण एक गंमत हातानं केल्याशिवाय दिसत नाही. ७ ची पाळी येते तेव्हा १४ आधीच खोडलेला असतो, २१ पण, २८, ३५, ४२ सगळे. ७ ला खोडायला मिळणारा पहिला नवा आकडा ४९. का? सात दुणे चौदा दोननं आधीच नेला, सात त्रिक एकवीस तिनानं नेला, सात पाचे पस्तीस पाचानं. सातापेक्षा लहान सगळे आपापला वाटा घेऊन गेले, आता सातानं स्वतःशीच गुणाकार करायचा. ४९ नंतर त्याच्या वाट्याला ७७ आणि ९१ एवढेच येतात. आणि ११ चं काम १२१ पासून सुरू होणार, ते आपल्या कागदाबाहेर. म्हणून सातापाशी चाळण संपते. ९७ ला चार भागाकार का पुरले, त्याचं कारण इथे डोळ्यांसमोर उभं राहतं.

कागद समोर आहे तर शेवटून दुसरा उभा रकाना बघा, ९ नं संपणारा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... आपल्या भाषेनं या सगळ्यांना "एक कमी" असं नाव ठेवलं आहे. तीसात एक कमी तो एकोणतीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आठ जणांत १९, २९, ५९, ७९, ८९ हे पाच मूळ आहेत. एवढं मोठं प्रमाण का? दहाच्या पटीतून एक काढला की संख्या २ आणि ५ च्या तावडीतून आपोआप सुटते. मग ती फक्त ३ कडून (३९, ६९) किंवा ७ कडून (४९) मार खाऊ शकते. एक जास्त काय, एक कमी काय, पटीच्या शेजारी राहणाऱ्याला त्या पाढ्यात जागा नसते.

हाच विचार सहाला लावा. सहाच्या पटीपासून दोन किंवा चार अंतरावरचा प्रत्येक जण सम आहे, तीन अंतरावरचा तिनाच्या पाढ्यातला. म्हणजे २ आणि ३ सोडले तर प्रत्येक मूळ संख्या सहाच्या कुठल्या तरी पटीच्या अगदी शेजारी सापडते, एक घर मागे नाहीतर एक घर पुढे. ५, ७, ११, १३, १७, १९. आपली ९७ सुद्धा, सोळा सक ९६ च्या शेजारी. उलट बाजूनं हे खरं नाही, बरं का. २५ सुद्धा २४ च्या शेजारी राहतो, पण तो मूळ नाही.

आता वर्ग. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही वर्गसंख्या शिकवायची गरज नसते. पाच बाय पाच ठिपक्यांची रांगोळी सहा बाय सहा करायची तर काय करतो? उजवीकडे एक उभी ओळ, खाली एक आडवी ओळ, आणि कोपऱ्यात एक ठिपका. पाच, पाच आणि एक, असे अकरा. २५ चे ३६ झाले. त्याच्या पुढच्याला तेरा लागतील, मग पंधरा. एका ठिपक्यापासून सुरू केलं तर १, मग ३ घालून ४, मग ५ घालून ९, मग ७ घालून १६. विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की वर्गच मिळतात, दुसरं काही मिळूच शकत नाही, कारण आपण दर वेळी चौकोनाला काटकोनी काठ लावतोय.

म्हणजे प्रत्येक विषम संख्या काटकोनात मांडता येते. ९७ पणत्यांचा आयत झाला नाही, पण ४८ या बाजूला, ४८ त्या बाजूला आणि एक कोपऱ्यात असा काटकोन झाला असता. हे मला दिवाळी संपल्यावर सुचलं.

विभाजक जोडीनं येतात हे वर म्हटलं. मग कुठल्याही संख्येच्या विभाजकांची गिनती सम यायला हवी. १२ चे बघा: १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. सहा. पण ३६ च्या यादीत सहा हा सहाशीच जोडी लावतो, त्यामुळे मोजणी नऊवर जाते. वर्गसंख्यांच्या विभाजकांची गिनती विषम असते, इतर कुणाची नसते. यावर एक जुनं कोडं आहे. ते पणत्यांनी सांगितलं असतं, पण दिवा फुंकरीनं मालवू नये म्हणतात, म्हणून बटणाचे दिवे घेऊ. रांगेत शंभर दिवे, सगळे बंद. शंभर मुलं एकेक करून जातात. पहिला प्रत्येक बटण दाबतो. दुसरा दर दुसरं, तिसरा दर तिसरं, शंभरावा फक्त शंभरावं. शेवटी कुठले दिवे पेटलेले राहतात?

१२ नंबरच्या दिव्याला हात कुणाकुणाचा लागला? १, २, ३, ४, ६, १२ या मुलांचा, म्हणजे त्याच्या विभाजकांचा. सहा वेळा दाबला तर तो जिथून निघाला तिथेच, बंद. पेटलेला राहायला विषम वेळा दाबला जायला हवा, आणि ते भाग्य फक्त वर्गांचं. १, ४, ९, १६ असे थेट १०० पर्यंत, दहा दिवे. ९७ च्या दिव्याला दोघांचाच हात लागतो, पहिल्याचा आणि सत्त्याण्णवाव्याचा.

वर्ग ओळखायची एक झटपट खूण: वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत. शेवटचा अंक शेवटच्या अंकाच्या वर्गावरूनच ठरतो आणि शून्य ते नऊ यांचे वर्ग तपासले की संपलं. आणि मूळ संख्यांच्या वर्गांत पुन्हा ती आपली पणती दिसते. ५ पासून पुढची कुठलीही मूळ संख्या घ्या, वर्ग करा, २४-२४ च्या ओळी लावा. २५: एक ओळ, एक उरला. ४९: दोन ओळी, एक उरला. १२१: पाच ओळी, एक उरला. ९७ चा वर्ग ९,४०९: ३९२ ओळी आणि एक! याचं कारणही ९१ च्याच युक्तीत आहे. वर्गातून १ काढला तर मागचा गुणिले पुढचा मिळतो, इथे ९६ × ९८. मूळ संख्येचे दोन्ही शेजारी सम, आणि लागोपाठच्या दोन सम संख्यांत एक चाराच्या पाढ्यातली असतेच, म्हणून गुणाकार आठाच्या पाढ्यात जातो. शिवाय ओळीनं तीन संख्यांत एकीला तिनानं भाग जातो, आणि ती मधली नाही, कारण मधली मूळ आहे. आठ त्रिक चोवीस.

आता नवाची कसोटी. अंकांची बेरीज ९ नं भागली गेली तर संख्याही भागली जाते, हे सगळ्यांना पाठ असतं. का, हे विचारलं तर बहुतेक जण "तसा नियमच आहे" म्हणतात. खिशातल्या नोटांवर करून बघा. शंभराच्या एका नोटेचे नऊ-नऊ रुपयांचे वाटे केले तर ९९ रुपये वाटले जातात, एक रुपया उरतो. दहाच्या नोटेतून नऊ जातात, एक उरतो. हजाराची नोट असती तर ९९९ गेले असते, एक उरला असता. म्हणजे ७४७ रुपयांत शंभराच्या सात नोटांमागे सात रुपये उरले, दहाच्या चार नोटांमागे चार, आणि सुटे सात. सात, चार, सात, एकूण अठरा. त्याचे दोन वाटे होतात, म्हणून ७४७ ला नवानं भाग जातो. अंकांची बेरीज म्हणजे प्रत्येक नोटेमागे उरलेल्या एकेका रुपयाचा ढीग. तिनाची कसोटीही हीच. ज्योतिषवाले यालाच "मूलांक" म्हणून भविष्य सांगतात. भविष्याचं मला ठाऊक नाही, पण तो नवानं भागल्यावरचा शेषच असतो; फक्त शून्य उरलं तर ते नऊ म्हणतात.

अंकांच्या या खेळात जन्म घालवलेला एक माणूस देवळालीत होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि नाव जगभर झालं.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच. कापरेकरांचं जन्मवर्ष घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९, आले ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, आले ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या खेपेला ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा: पुन्हा ६१७४. तिथून हलायचं नाव नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत इथे येऊन थांबता. कापरेकर गेले १९८६ मध्ये. ते वर्ष घेतलं तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येतं, आणि जन्मवर्षाच्या वाटेला मिळतं.

सगळ्या उत्तरांच्या अंकांची बेरीज करून बघा: १८, १८, १८, २७, १८, १८, १८. दर वेळी नवाची पट. यात जादू नाही. तेच अंक उलटसुलट लिहिले तरी "उरलेल्या रुपयांचा ढीग" तेवढाच राहतो, आणि वजाबाकीत ढीग ढिगाला खातो. जादू आहे ती सगळ्या वाटा एकाच संख्येपाशी येण्यात.

जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेनं भागली जाते तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं, आनंद देणारी. खुद्द ६१७४ हर्षद आहे: बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३, सात गुणिले सात गुणिले सात. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, अशा चढून उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिलं, ज्या रेल्वे स्टेशनावर त्या सुचल्या त्यावरून. ते म्हणजे आपलं डोंबिवली. लोकलची वाट बघताना आपण फोन बघतो.

आणि त्यांच्या स्वयंभू संख्या. २३ घ्या, त्यात तिचेच अंक मिळवा, २३ + २ + ३, झाले २८. म्हणजे २८ चा जन्मदाता २३. अशी कुणाचीही लेक नसलेली संख्या ती स्वयंभू. ७९ पासून ९५ होतात, ८४ पासून ९६, ८५ पासून ९८. ९७ मात्र कुणापासूनच होत नाही. आमच्या पणत्या मूळ तर होत्याच, स्वयंभूही निघाल्या. जपमाळेतले १०८ सुद्धा स्वयंभू आहेत, पण त्यांचे आयत भरपूर होतात.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न पुतणीनंही विचारला. मला तो प्रश्न फारसा आवडत नाही, पण उत्तर आहे. ८९ गुणिले ९७ कागदावर अर्ध्या मिनिटात होतं: ८,६३३. पण नुसतं ८,६३३ हातात देऊन "कुठल्या दोन संख्या?" विचारलं तर बराच वेळ जातो. गुणाकार सोपा, उकल अवघड. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये याच विषमतेवर कुलूप बनवलं. तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्या घ्यायच्या, गुणाकार जाहीर करायचा, मूळ संख्या लपवायच्या. संकेतस्थळाशी होणारं गुप्त बोलणं सुरक्षित ठेवायला हे कुलूप वर्षानुवर्षं वापरलं गेलं आहे. आता ९१ ची युक्ती आठवा. ८,६३३ च्या पुढचा वर्ग ९३ चा, ८,६४९. फरक १६, तोही वर्ग! म्हणजे (९३ − ४) × (९३ + ४), ८९ आणि ९७. कुलूप चुटकीसरशी उघडलं, कारण दोन्ही किल्ल्या शेजारीशेजारी होत्या. म्हणून कुलूप बनवताना दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या घेत नाहीत.

इथे एक गल्लत टाळायला हवी. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं आणि ती फोडून दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लवकर आणि हमखास करता येते हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. त्यातले दोघे नुकतेच बी.टेक. झाले होते. दुसरीचा झटपट उपाय साध्या संगणकांसाठी अजून कुणी दिलेला नाही.

मूळ संख्या कधी संपतात का? मोठ्या आकड्यांत त्या विरळ होत जातात, तेव्हा कुठेतरी संपत असतील अशी शंका येते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनं दिलेलं उत्तर म्हणजे आमच्या अंगणातली ती संध्याकाळ. समजा कुणी म्हणालं, १३ ही शेवटची. ठीक. २, ३, ५, ७, ११, १३ या सगळ्यांचा गुणाकार करा, ३०,०३०. एवढ्या पणत्या आणल्या तर दोन-दोनच्या ओळींत बसतील, तीन-तीनच्या, तेरा-तेराच्याही. आता वर एक पणती ठेवा. ३०,०३१. दोन-दोनच्या ओळी लावा, एक उरते. तीन-तीनच्या लावा, एक उरते. तेरा-तेराच्या लावा, एक उरते. पण या संख्येला कुठल्यातरी मूळ संख्येनं भाग गेलाच पाहिजे, निदान ती स्वतः मूळ असली पाहिजे. म्हणजे यादीत नसलेली मूळ संख्या आहे. इथे ३०,०३१ म्हणजे ५९ × ५०९ निघतात, दोन्ही यादीबाहेरच्या. यादी लाखभर लांब केली तरी शेवटी वर एक पणती ठेवायचीच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या मात्र एक कमी करून मिळाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, त्यातून १ वजा. अंक ४,१०,२४,३२०. पानाला तीन हजार अंक छापले तर साडेतेरा हजारांवर पानं लागतील.

शेवटी त्या तीन फुटक्या पणत्यांचं. ७ जून १७४२ रोजी गोल्डबाख यांनी ऑयलर यांना पत्र लिहिलं. त्या पत्रव्यवहारातून आलेलं अनुमान असं: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. ४ म्हणजे २ + २, १० म्हणजे ३ + ७. संगणकानं ४ वर अठरा शून्यं एवढ्या आकड्यापर्यंत तपासून झालं आहे, अपवाद सापडला नाही. पण नेहमीच खरं आहे हे सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही, पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली तरी.

१०० चे असे सहा प्रकार होतात. ११ + ८९, १७ + ८३, २९ + ७१, ४१ + ५९, ४७ + ५३, आणि ३ + ९७. शंभरातल्या तीन फुटल्या, सत्त्याण्णव राहिल्या. पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, अकरा फुटल्या असत्या तरी माझं तेच झालं असतं की! ८९ उरल्या असत्या, आठ-आठच्या अकरा ओळी झाल्या असत्या, आणि एक हातात.